इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलीचा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावची कोणी विदुषी बोलवावी, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ज्या बाई यावयाच्या होत्या त्यांचे येणे रहित झाले आणि चिटणीसबाईंनी मला गाठले. "तुम्ही चौतीस वर्षे गणित शिकविले, तुम्हांला बोलायला काय लागते?" असे त्या म्हणाल्या. गणिताच्या शिक्षिकेला बोलावे लागत नाही, फळ्याकडे तोंड करून लिहावे लागते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. असो. त्यांनी मला "आजची स्त्री" असा विषय सुचविला होता. आजची स्त्री म्हणजे नक्की कोण, हे मला ठाऊक नाही. मला एकच ठाऊक आहे, आणि ती म्हणजे माझी नात. ती नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे नाव घेऊ नकोस, असे तिने बजावले असल्यामुळे मी तिला नुसते 'नात' म्हणणार आहे.

या विषयाला एक कारणही घडले. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात आपल्यापैकी दोघींनी मला फोनवर विचारले होते, "बाई, मुलगी बारावीला आहे, गणित बरे आहे, इंजिनिअरिंगला घालावी का? तिथे मुली करतात तरी काय दिवसभर?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मी देऊ शकते, कारण त्या वेळी मी नांदेडला नातीच्या खोलीवर मुक्कामालाच होते आणि ती दिवसभर काय करते हे माझ्या डोळ्यांनी, खरे म्हणजे प्रथम कानांनी आणि मग डोळ्यांनी, पाहत होते.

त्याचे असे झाले. वेळअमावस्या आटोपली, संक्रांत जवळ आली, त्या सुमारास माझ्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढावयाचे ठरले. एक डोळा झाल्यावर दुसरा तीन-चार आठवड्यांनी. दर दोन-तीन तासांनी थेंब घालावयाचे, धूळ टाळावयाची, वाकावयाचे नाही, आणि मुखेड-नांदेड हेलपाटे घालावयाचे नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा मधला महिना नातीकडे काढावा असे ठरले. माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, निघताना मला बसस्टँडवर बाजूला घेऊन एक कामही सोपविले. तो म्हणाला, "आई, ती तिथे पोरांच्या शिकवण्या घेते असे कळते. अभ्यास सोडून हे धंदे कशाला? तुझे ऐकेल ती. बंद करायला सांग."

आमची एस.टी. निघाली. सर्व बायकांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो, हे २०२३ च्या मार्चपासून सुरू झाले आहे, आणि ज्येष्ठ म्हणूनही मला निम्मेच भाडे आहे. दोन निम्मे मिळून फुकट का होत नाही, असे मी वाहकाला विचारले. तो म्हणाला, "आजी, पंच्याहत्तरीची वाट बघा." आपले मुखेड ते नांदेड म्हणजे दोन-अडीच तासांची वाट. आपल्याकडे आगगाडी नाही. ती मुदखेडला आहे, आणि या एका अक्षरापायी आपल्या गावाची किती पत्रे, पार्सले आणि पाहुणे त्या गावी जाऊन आले असतील, याची गणती नाही. नातीच्या वर्गातील मुंबईची एक मुलगी तिला अजूनही "तुमचे ते जंक्शन" म्हणून चिडविते.

विष्णुपुरीच्या अलीकडे एका घराच्या गच्चीला लागून एक खोली आहे. त्यात तिघी मुली. एक आमची, एक देगलूरची, एक अहमदपूरची. तीन लोखंडी खाटा, एक टेबल, आणि उरलेल्या जागेत तारा, पट्ट्या, बारीक दिवे, अर्धवट उघडलेली यंत्रे. मी म्हातारी चौथी. अहमदपूरची मुलगी माझ्यासाठी आपली खाट सोडून महिनाभर खाली निजली. ती कोणाची कोण! तिच्या आईला मी अजून पाहिलेले नाही, पण पाहीन तेव्हा तिची ओटी भरीन.

पहिले आठ-दहा दिवस मला वाचावयास बंदी होती आणि काळा चष्मा होता, म्हणून तिचा दिवस मी आवाजांवरून ओळखू लागले. पहाटे पाचला नळ येतो. बादलीत पाणी पडल्याचा आवाज झाला की नात उठलेली. साडेपाचला टेबलावर पेन्सिल. हा तिचा स्वतःचा अभ्यास, आणि या दोन तासांत तिच्याशी कोणी बोलावयाचे नाही, असा त्या खोलीचा नियम आहे. साडेसातला माझ्या डोळ्यांत थेंब, आठला पोहे किंवा कालची भाकरी, नऊला जिन्यावर पळण्याचा आवाज. मग संध्याकाळपर्यंत कॉलेज. तिथे सकाळी व्याख्याने आणि दुपारी प्रयोगशाळा. प्रयोग एका दिवशी करावयाचा, त्याची वही लिहावयाची, ती तपासून घ्यावयाची आणि मग त्यावर गुरुजींनी तोंडी प्रश्न विचारावयाचे. तोंडी परीक्षेला या मुली 'व्हायवा' म्हणतात आणि तिला लेखी परीक्षेहून अधिक भितात. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण लेखी परीक्षेत पाठांतर खपून जाते. तोंडीत विचारणारा एकदा "का?" म्हणाला की पाठांतराचे पितळ उघडे पडते.

तिची शाखा इन्स्ट्रुमेंटेशनची. हे काय असते म्हणून मी विचारले, तेव्हा तिने मला फार चांगले समजावून सांगितले. ती म्हणाली, "आजी, तू खीर करताना दूध उतू जाईल म्हणून बघत उभी राहतेस ना? बघणे, ओळखणे आणि गॅस कमी करणे. या तिन्ही गोष्टी कारखान्यात यंत्राकडून करून घ्यायच्या, ते आमचे शास्त्र." मी चौतीस वर्षे शिकविले, पण इतके सुटसुटीत स्पष्टीकरण मला एखाद्याच वेळी साधले असेल.

साडेपाचला ती परत येते, चहा घेते आणि सहाला घरमालकांच्या पडवीत तिचा वर्ग भरतो. हाच तो शिकवणीचा धंदा, जो बंद करावयास मला पाठविले होते. आठवी ते दहावीची आठ मुले. गणित आणि विज्ञान. सात जण दरमहा पाचशे रुपये देतात. आठवी मुलगी, जिच्या आई मेसमध्ये पोळ्या लाटतात, ती काही देत नाही, आणि ती सर्वांत आधी येऊन सतरंजी घालते. पहिल्या दिवशी मी आत पडून ऐकत होते. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. "दुसरा उलटा करा आणि गुणा," हे सर्व शिक्षक सांगतात. नातीने तसे न सांगता विचारले, "अर्ध्या भाकरीत पाव पाव भाकरीचे किती तुकडे?" मुले म्हणाली, दोन. "मग अर्धा भागिले पाव किती?" दोन. मग ती म्हणाली की आता उलटे करून गुणा आणि दोनच येतात का ते बघा. मला आतून उठून बाहेर यावेसे वाटले. चौथ्या दिवशी आलेच. डोळ्यांना चष्मा, हातात खडू, अशी मी भूमितीचा तास घेऊ लागले. म्हणजे जिला शिकवणी बंद करावयास पाठविले, ती तिथे दुसरी शिक्षिका होऊन बसली. मुलाला हे मी फोनवर लगेच कळविले नाही.

शिकवण्या घेऊन शिकणे ही काही आजची टूम नव्हे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. वडील लहानपणीच गेलेले, हाताशी पैसा नाही. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना हे गृहस्थ एका कूर्गी कुटुंबातील मुलांना शिकवीत आणि त्यावर आपला खर्च भागवीत. १८८१ मध्ये ते बी.ए. झाले, मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळून आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ मध्ये तिथली इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुण्याचे ते कॉलेज म्हणजे १८५४ मध्ये सुरू झालेली संस्था, जिला आज सीओईपी म्हणतात. पुढे म्हैसूरची दिवाणगिरी, १९५५ मध्ये भारतरत्न, हे सर्व शाळेच्या पुस्तकात असते. त्यांनी केलेल्या शिकवण्या मात्र पुस्तकात फारशा नसतात.

आपल्या भागाशी त्यांचा एक संबंध आहे, तोही सांगून टाकते, कारण पुढे त्याची गरज लागेल. मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९०८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. पूर आल्यावर काय करावे याच्या पलीकडे जाऊन, तो शहरात येण्याआधीच वर अडवावा अशी योजना त्यांनी आखून दिली. त्यातून पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर हा आपण अभियंता दिन म्हणून पाळतो, आणि दोनच दिवसांनी आपला मराठवाडा मुक्तिदिन येतो. शाळेत असताना मी दोन्ही दिवसांची भाषणे एकाच मुलाकडून पाठ करून घेत असे. त्याच्या घरच्यांना नवे कपडे एकदाच शिवावे लागत.

आता मुलींकडे वळते. मी मॅट्रिक झाले १९७१ मध्ये. मराठवाड्यातले पहिले इंजिनिअरिंग कॉलेज १९६० मध्ये औरंगाबादला निघाले होते, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, आणि नांदेडची ही संस्था निघाली १९८१ मध्ये. मला गणितात चांगले गुण होते. औरंगाबादला पाठवा, असे मी म्हटलेसुद्धा नाही. तसे म्हणता येते हेच मला ठाऊक नव्हते. परंतु त्याच्याही कितीतरी आधी मद्रासेत एक बाई होऊन गेल्या. ए. ललिता त्यांचे नाव. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळी अशा मुलीने कोपऱ्यात बसावयाचे. त्यांचे वडील स्वतः गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते, त्यांनी तिला १९४० मध्ये तिथेच विजेच्या शाखेत घातले. मुली येत आहेत याची कॉलेजाला इतकी सवय नव्हती की, छापील पदवीपत्रावरील 'तो' खोडून हाताने 'ती' लिहावे लागले. पुढे या बाईंनी भाक्रा-नानगल धरणाच्या विद्युत-कामात भाग घेतला आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या स्त्री इंजिनिअरांच्या पहिल्या जागतिक परिषदेला त्या गेल्या. ही हकीकत मी त्या खोलीत मुलींना सांगितली, तेव्हा देगलूरची मुलगी म्हणाली, "आजी, आणि ती लहान मुलगी कुणी सांभाळली?" इंजिनिअर होणारीने नेमका हा प्रश्न विचारावा, याचे मला बरे वाटले. घरच्या माणसांनी सांभाळली, हे त्याचे उत्तर.

आता वहीचे सांगते. पहिला डोळा साफ झाला, डॉक्टरांनी वाचावयास परवानगी दिली आणि त्या नव्या डोळ्याने मी जी पहिली वही वाचली ती नातीच्या हिशेबाची होती. टेबलावर उघडीच पडली होती. गणिताच्या बाईसमोर आकडे पडले की ती ते वाचणारच. खोलीचे भाडे, मेस, मासिक पास, झेरॉक्स, यंत्राचे सुटे भाग, सर्व तारखेवार. डावीकडे जमा. शिकवणीचे साडेतीन हजार. आणि त्याखाली दर महिन्याला एक ओळ, "घरून". जुलैपर्यंत तिथे आकडा होता. सप्टेंबरापासून प्रत्येक महिन्यात तिथे एक शून्य, आणि त्या शून्याभोवती नीट गोल. मेसच्या खर्चाकडे पाहिले तर सप्टेंबरापासून तो निम्म्यावर आला होता. एकच वेळचे जेवण.

२०२५ च्या ऑगस्टात काय झाले हे या सभेत कोणाला सांगावयास नको. लेंडीला वरून, उदगीरकडून लोंढा आला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यात गेली. हसनाळला माणसे गेली. लष्कराची तुकडी बोलवावी लागली. आमचे घर वाचले, पण नाल्याकाठचे सोयाबीन गेले, आणि मातीही खरवडून गेली. त्या वर्षी आमच्या घरात पैशाची ओढ होती हे खरे. परंतु त्याच वर्षी धाकट्या नातवाला लातूरला क्लासला घातले होते. लातूरचे क्लास, तिथली खोली, तिथली मेस, सर्व मिळून लाखाच्या वर. ते कर्ज काढून भरले गेले. एकाही महिन्यात ते चुकले नाही.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तिने कधी मागितलेच नाही."

भगिनींनो, मला राग येण्याऐवजी हे वाक्य ओळखीचे वाटले. वर्गात चाळीस वर्षे नव्हे, पण चौतीस वर्षे मी मुलगे आणि मुली शेजारी बसलेले पाहिले आहेत. मुलाची पेन्सिल मोडली की तो ओरडतो. मुलगी तुटक्या पेन्सिलीने लिहीत राहते आणि आपण म्हणतो, किती समंजस! मी मुलाला म्हटले, "तिने मागितले नाही हे खरे. लातूरच्याने तरी कुठे मागितले होते? त्याचे तर आपण आधीच ठरविले होते." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की मुलाची एकच संधी आहे, दोन वर्षांची. मी म्हटले, हिची चार वर्षांची आहे आणि तीन होत आली. वाद बराच झाला. तो सर्व इथे सांगण्यात अर्थ नाही, तोही माझाच मुलगा आहे आणि त्याने रात्री शेतात पाण्यात उभे राहून मोटार काढलेली मी पाहिली आहे. एवढेच सांगते की फेब्रुवारीपासून नातीच्या वहीत "घरून" या ओळीसमोर पुन्हा आकडा आहे. पुरता नव्हे. शिकवणी चालू आहे. ती बंद कर असे मी सांगितले नाही. मेस दोन वेळची कर असे सांगितले, आणि ते तिने ऐकले.

नात मात्र माझ्यावर रागावली. वही वाचली म्हणून नव्हे, बाबांना फोन केला म्हणून. दोन दिवस माझ्या डोळ्यांत थेंब घातले ते न बोलता.

तिसऱ्या रात्री ती स्वतःच बोलू लागली, आणि बोलली ती तिच्या यंत्राविषयी. कॉलेज, अभ्यास, शिकवणी यांतून रात्री साडेनऊनंतर जो वेळ उरतो तो ती या यंत्राला देते. परीक्षेत याचे गुण नाहीत, कोणी सांगितलेले नाही. आपल्या नाल्यावरच्या पुलाखाली बसवावयाचे आणि पाणी चढू लागले की रात्री-अपरात्री फोन वाजवावयाचा, असे ते यंत्र आहे. ते कसे चालते हे मी आपल्याला सांगते, कारण मला ते समजले, आणि समजलेली गोष्ट न सांगणे मला जमत नाही.

पुलाखाली एक डबी उलटी टांगलेली. ती खाली पाण्याकडे एक आवाज सोडते. तो आपल्या कानांना ऐकू येत नाही इतका तीव्र असतो. तो पाण्यावर आपटून परत येतो. हाक मारली की विहिरीतून प्रतिध्वनी येतो, तसेच. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाणी तीन मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे सेकंदाचा साधारण सत्तावन्नावा भाग. डबी तो वेळ मोजते आणि पाणी किती खाली आहे ते काढते. पाणी चढले की प्रतिध्वनी लवकर येतो. ठरविलेल्या रेषेवर आले की आतले सिमकार्ड दहा फोनांवर निरोप धाडते.

ऐकावयास सोपे. परंतु गच्चीवरील टाकीत तिने ते टांगून पाहिले, तर टाकीत एक थेंब कमीजास्त न होता पहाटेचे माप आणि दुपारचे माप जुळेना. तीन-चार सेंटिमीटरांचा फरक. तिला कारण ठाऊक होते. हवा तापली की आवाज जोरात पळतो. पंधरा अंशांना ३४० मीटर, तर पस्तीस अंशांना ३५२. मीटरभर अंतरात तीन-चार सेंटिमीटर, म्हणजे पुलाखालच्या तीन मीटरांत दहा सेंटिमीटर. पुराच्या रात्री चार बोटांची चूकही चालत नाही. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेल्यावर मी कागद घेतला आणि पंधरापासून चाळीस अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला माप किती बदलावे याचे कोष्टक त्रैराशिकाने मांडून ठेवले. संध्याकाळी ते पाहून ती हसली. "आजी, डबीत एक छोटे तापमापक बसवले की हे गणित यंत्र स्वतःच करते, एका ओळीत." मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. पण मग तिने यंत्राचे उत्तर आणि माझे कोष्टक शेजारी ठेवून रात्रभर ताडून पाहिले. ते कोष्टक आता तिच्या खोलीत भिंतीला चिकटविलेले आहे.

दुसरी अडचण फेसाची. पुराचे पाणी टाकीतल्यासारखे शांत नसते. त्यावर फेस, फांद्या, कडब्याच्या पेंढ्या. आवाज पाण्यावर न आपटता फांदीवर आपटला की यंत्र म्हणणार, पाणी चढले! दोनदा खोटा फोन वाजला की तिसऱ्यांदा माणसे कूस बदलून झोपतात, आणि नेमका तिसरा खरा असतो. ही अडचण तिला यंत्राच्या बिघाडाहून मोठी वाटते. त्यावर तिने असे केले की एका वेळी नऊ मापे घ्यावयाची, ती चढत्या क्रमाने लावावयाची आणि मधले तेवढे खरे मानावयाचे. हे मला फार पटले. बाजारात आपण हेच करतो. चार दुकानांत भाव विचारतो, अगदी वरचा आणि अगदी खालचा सोडून देतो. तिच्या पुस्तकात याला मोठे इंग्रजी नाव आहे.

तिसरी अडचण मात्र अजून सुटलेली नाही. पाऊस फार झाला की आपल्याकडे वीजही जाते आणि मोबाइलचा मनोराही बंद पडतो. मग फोन वाजणार कसा? डबीला सौरपट्टी आणि बॅटरी आहे, पण मनोऱ्याला ती कुठून देणार! त्यासाठी आता ती पुलाजवळ एक भोंगाही बसवीत आहे. हे यंत्र लेंडीचा महापूर थोपविणार नाही, हे ती स्वतःच सांगते. विश्वेश्वरय्यांसारखी पुराला वर अडविणारी योजना हे सरकारचे आणि मोठ्या अभियंत्यांचे काम. ती म्हणते, "मला फक्त वीस मिनिटे हवी आहेत, आजी. वीस मिनिटांत म्हातारी माणसे आणि जनावरे वर काढता येतात."

झोपावयास तिला साडेअकरा-बारा होतात. मग पुन्हा पाचला नळ. इतकी कमी झोप बरी नव्हे, हे मी तिला सांगितले, सांगत राहीन, आणि ती ऐकणार नाही. रविवारी मात्र ती दहापर्यंत निजते, डोक्यावरून न्हाते, आणि तिघी मिळून पिठले करतात. त्यांचे पिठले फार पातळ होते. तेही मी शिकवून आले.

आता ज्या दोघींनी फोनवर विचारले होते, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे. ज्यांना बारावी अवघड वाटते त्यांनी तिचा विचार करावा. २०२४-२५ या वर्षापासून आपल्या सरकारने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केले आहे. उत्पन्नाचा दाखला आणि बाकीची कागदपत्रे आधीच तहसीलमधून काढून ठेवावीत, प्रवेशाच्या आठवड्यात तिथे उभे राहावयास जागा नसते. पण माफ झाले ते शुल्क. खोली, मेस, पुस्तके, बसभाडे माफ होत नाही. मुलीचे शिक्षण फुकट झाले असे समजून घरच्या वहीत तिच्या नावापुढे शून्य घालू नका. तिच्याही खर्चाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीला काढून ठेवा, जशी मुलाची काढता तशी.

शेवटी एक विनंती आहे आणि मग मी बसते. पावसाळा तोंडावर आला आहे. परीक्षा संपली की नात यंत्र घेऊन येणार आहे आणि जून लागण्याआधी ते पुलाला बसवावयाचे आहे. निरोप ज्यांना जावयाचा त्या दहा जणांचे फोन नंबर तिने गावातून मागविले होते. आले ते दहाही पुरुषांचे. तिने ते सर्व रात्री दोन वाजता लावून पाहिले. सहा बंद होते, तीन वाजत राहिले, एकाने उचलून तिला शिव्या दिल्या. तिला आता बायकांचे नंबर हवे आहेत, नाल्याकाठच्या घरांतल्या, ज्यांना रात्री लेकरासाठी किंवा सासूसाठी तसेही उठावे लागते आणि ज्यांचा फोन उशाशी असतो. आपल्यापैकी ज्यांचे माहेर किंवा सासर त्या काठाला आहे, त्यांनी चहा घेण्याआधी माझ्याकडे नाव आणि नंबर लिहून द्यावा. कागद मी आणला आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, नवऱ्याचाच वापरावा लागतो, त्यांनीही नाव द्यावे आणि तसे शेजारी लिहावे. अशा किती आहेत, तेही तिला मोजावयाचे आहे.